लिस्ट लिस्टच राहू दे

ज्ञानेशच्या बहिणीचा, रेखाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. "दादा, आपला ज्ञानेश गेला ना रे…" एवढंच ती बोलू शकली. सकाळी शेतातून येऊन त्यानं चहा मागितला आणि चहा होईपर्यंत हृदय थांबलं होतं. दीड महिना झाला. लोक विचारतात, जिवलग होता ना? होताच. पण आयुष्यात मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो त्याचाच, आणि तो अजून सरलेला नाही.

तो वरवट बकालचा, मी वडनेर भोलजीचा. बुलढाण्याला इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलो. मी घोकून पास व्हायचो, तो जेवता जेवता वाचून पहिला यायचा. पुढे मी पुणे धरलं; तो घरच्या खोलीत बसूनच मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम लिहू लागला. दिवाळीला माझी आई हमखास म्हणायची, "त्यानं गावबी नाही सोडलं, अन् नावबी कमावलं."

मग एका सुट्टीत त्याच्या खोलीत बसून आम्ही दोघांनी रक्तदात्यांचं अ‍ॅप करायला घेतलं. रुग्णाच्या सर्वांत जवळचा दाता आधी, मग लांबचे, अशी लिस्ट. काहींनी नाव दोनदा नोंदवलेलं. स्काला या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत लिस्टचा सेट केला की दुबार नावं आपोआप गळतात. मी तो केला, सेटची पुन्हा लिस्ट केली. चार नावांवर तपासलं तेव्हा सगळं बरोबर आलं. खऱ्या, लांबलचक लिस्टवर मात्र नांदुऱ्याच्या रुग्णाला पहिला दाता थेट देऊळगाव राजाचा! का, ते मला उमगेना. ज्ञानेशनं स्क्रीनवर नजर टाकली आणि हसला.

"काऊन बदलून राह्यला बे? नावं चारच असले त सेट क्रम ठेवते, म्हणून फसला तू. जास्त झाले का विस्कटते. लिस्ट लिस्टच राहू दे, दुबार तेवढे काढ."

माझं सगळं रूपांतर पुसून त्यानं एकच शब्द टाकला… डिस्टिंक्ट. क्रम न हलवता दुबार तेवढे गाळणारा. तो मलाही माहीत होता. सुचला त्याला.

थोड्याच दिवसांत नांदुऱ्याला बाळंतपणात एका बाईला तातडीनं रक्त लागलं. लिस्टमध्ये सर्वांत वर तिच्याच गल्लीतला दाता निघाला. तो चालत दवाखान्यात गेला. बाई वाचली. सत्कारात हार ज्ञानेशच्या गळ्यात पडला. त्यानं तो काढून माझ्या गळ्यात घातला आणि माइकवर म्हणाला, "अर्धं काम याचं हाय." चिडायचीही सोय ठेवली नाही त्यानं…

तेरवीला ती बाई लेकराला कडेवर घेऊन आली होती. ज्ञानेशच्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी कोण, हे तिनं विचारलं नाही. त्या घरातसुद्धा माझ्या मनात कळ उठलीच.

नंतर मी त्याच्या खोलीत गेलो. त्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. एक पाय दुमडून बसायच्या सवयीनं तिची गादी एका बाजूला खचलेली. त्याची आई म्हणाली, "बस ना बाप्पा, तुहीच खोली हाय." मला बसवेना. मागून रेखा आली, फोन चार्जिंगला लावला आणि सहज त्या खुर्चीत बसली… एक पाय दुमडून, अगदी त्याच्यासारखी. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. मला तिचाही हेवा वाटला.