खेकड्यांच्या नावानं वाहिलेले डोळे

माझी लेक अकोल्याला कॉलेजात शिकवायची आणि खेकड्यांवर संशोधन करायची. खेकडे पुरवायचं काम माझ्याकडे. परतवाड्याच्या बाजारातून ओल्या पोत्यात घालून मी ते बसनं न्यायची. मादी ओळखायला मला काही शिक्षण लागलं नाही बाप्पा. पोटाखालचं झाकण रुंद असलं की मादी, हे रस्सा करणारी कोणतीही बाई सांगेल. लेक म्हणायची, अर्धी पीएचडी तर तूच केली.

ती मादीच्या एका डोळ्याचा दांडा कापायची. त्या दांड्यात म्हणे एक रस असतो, तो अंडी दाबून ठेवतो. दांडा गेला की रस कमी होतो आणि अंडी भरू लागतात.

तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. इंजेक्शनांनी पोटावर निळे डाग पडलेले. सासू म्हणायची, खेकड्यांचे डोळे भोवले. लेक ते मला हसून सांगायची.

तिसऱ्यांदाही डॉक्टर नाही म्हणाले, तेव्हा माझ्याही मनानं तेच घेतलं. आमच्याकडे डोळ्यांचं दुखणं आलं की देवीला चांदीचे डोळे वाहतात. मी वाहिले, खेकड्यांच्या नावानं. तिथंच गप्प बसायचं ना! पण मी प्रसाद घेऊन अकोल्याला गेले, तिच्या हातावर ठेवला आणि कशाचा तेही सांगितलं.

ती प्रसादाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, लोकं बोलत तं मले काही वाटत नव्हतं. आता तुलेबी तसंच वाटून राहिलं?"

नाही म्हणायचं होतं मला. म्हटलं काय, तर, "माफी मागाले काय जाते बेटा?"

तिनं प्रसाद खाल्ला. फेकला असता तर बरं झालं असतं. महिन्याभरात तिनं टाक्या रिकाम्या केल्या, संशोधन सोडलं. मूल काही झालं नाही. फोन करते अजून, गोळ्या घेतल्या का विचारते. स्वतःचं मात्र काही सांगत नाही.

तिची एक वही माझ्याकडे राहिली. चौथी शिकलेली मी, बोट ठेवून वाचते. एका पानावर आहे: अंडी फुटली, पिल्लं झाकणाखालीच बिलगून आहेत. बाजूला बारीक अक्षरात, "आईनं आणलेली मादी."

परवा परतवाड्याच्या बाजारात हातानं आपोआपच एक खेकडा उलटा करून पाहिला. झाकण रुंद होतं. विकणारी म्हणाली, घेऊन जा मावशी, भरलेली आहे. मी तो परत पाण्यात ठेवला.