माझी शिफारस समजू नये

मधुमामा गेल्याचं मामीने फोनवर सांगितलं, पण तो खरंच गेला हे मला पटलं ते तिसऱ्या दिवशी कोपरीच्या नाक्यावरचा फ्लेक्स बघून. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास सडून रिक्षातून उतरले, तर समोर हा दहा फुटी फ्लेक्स... वर आमच्या वॉर्डाचे जुने नगरसेवक अण्णा, त्यांच्याखाली हात जोडलेला त्यांचा मुलगा, शेजारी हात जोडलेली सून, आणि पार कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढा मामा. ‘आमचे कट्टर कार्यकर्ते कै. मधुकर.’ आम्ही बौद्ध. आमच्यात कालकथित लिहितात. ज्या माणसाने आयुष्यभर यांच्या सभांच्या सतरंज्या उचलल्या, त्याला यांनी मेल्यावर परस्पर कैलासाला धाडून दिलं. मला तिथेच हसू आलं. त्याला आता सात आठवडे झाले, तरी हसल्याची लाज वाटत नाही.

वडील गेल्यावर आई मला घेऊन मामाच्या चाळीत आली तेव्हा मी चार वर्षांची होते. मामा-मामीला मूल नव्हतं. आई होती तोवर एका खोलीत आम्ही चौघं, आणि नळाला पाणी पहाटे तासभर. मामा रंगाच्या कंपनीत हेल्पर. त्याच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग अडकलेला असायचा, म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी तो दारात बसून थिनरने बोटं घासायचा. ‘शाई नीट उठून दिसली पाहिजे,’ म्हणायचा. रिटायर झाल्यावर नखं स्वच्छ झाली, तरी घासणं सुटलं नाही.

हे सगळं एका पत्रामुळे. मला ठाण्यातल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेत घालायचं त्याने ठरवलं आणि शिफारशीसाठी अण्णांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. ‘सात वेळा गेलेलो, आठव्यांदा काम झालं,’ हे तो आल्यागेल्याला सांगायचा. पत्र इंग्रजीत टाइप केलेलं, खाली अण्णांची सही. मूळ पत्र शाळेत दिलं, झेरॉक्स लॅमिनेट करून बुद्धाच्या तसबिरीखाली टांगली. मला प्रवेश मिळाला आणि मामा कायमचा अण्णांचा झाला. अण्णांनी तीन पक्ष बदलले. मामा दर वेळी फक्त एवढंच विचारायचा, ‘ह्या टायमाला आपली निशाणी काय?’ अण्णांनंतर त्यांचा मुलगा आला, तरी प्रश्न तोच.

आठवीत असताना मी एकदा ते पत्र नीट वाचलं. तेवढं इंग्रजी मला त्याच शाळेने शिकवलं होतं. ‘हा इसम वारंवार येऊन बसतो म्हणून पत्र देत आहे. ही माझी शिफारस समजू नये.’ बस, दोन ओळी. मी गप्प बसले. चाळीत इंग्रजी कळणारे आणखी दोघे-तिघे तरी असतील. तेही गप्पच बसले.

गेल्या विधानसभेला मात्र माझा तोल गेला. अण्णांचा मुलगा उभा होता, आणि चाळ पाडून टॉवर बांधायला निघालेल्या बिल्डरचा भागीदारही तोच होता. भाडेकरूंनी कुठे जायचं हे कुणी सांगत नव्हतं, आणि मामा घरोघरी त्याच्याच चिठ्ठ्या वाटत होता. ‘अगं, खाल्ल्या मिठाला जागायला नको?’ म्हणाला. मामी बाजारात गेली होती. मी खिळ्यावरून पत्र काढलं आणि शब्दन् शब्द मराठी करून त्याला ऐकवलं. मुद्दाम, सावकाश. मला तेव्हा बरं वाटलं, हे लिहून टाकते.

‘परत वाच,’ तो म्हणाला. मी परत वाचलं. मग त्याने ते माझ्या हातातून घेतलं, सदऱ्याने पुसलं आणि होतं तिथे टांगलं. ‘मामीला सांगू नको.’

मतदानाच्या दिवशी त्याने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. मामीला म्हणाला, नंतर जातो. घासलेलं बोट कोरंच राहिलं. निवडून तो मुलगाच आला.

नंतर एकदा त्याने मला विचारलं, ‘मग तुला घेतलं कोणी?’ आता त्याला त्या माणसाचे पाय धरायचे होते. त्या वेळच्या मुख्याध्यापिका शहाडला मुलीकडे राहतात असं कळलं. पेढे घेऊन आम्ही गेलो. नव्वदीच्या बाई, पण कान-डोळे शाबूत. मामा वाकला. ‘बाई, तुम्ही हिला घेतलंत म्हणून...’

बाई ओशाळून हसल्या. ‘अहो, आभार कसले? त्या वर्षी आमची नवी तुकडी होती. मुलं कमी पडत होती. आले तेवढे सगळे घेतले.’

परतताना शहाड स्टेशनच्या बाकावर तो बराच वेळ बसून राहिला. ‘म्हणजे कोणीच काय केलं नाय,’ म्हणाला. ‘मी उगाच...’ पेढ्यांचा पुडा बाईंनी आग्रहाने परत दिला होता, तो त्याच्या मांडीवर तसाच होता. महिन्याभरात झटका आला आणि तो गेला. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मला माझं कारण माहीत आहे.

गेल्या रविवारी मामीकडे गेले. तो फ्लेक्स तिने उतरवून आणलाय, माळ्यावर जपून ठेवलाय. ‘केवढा मोठा लावला ह्यांच्यासाठी. कोण करतं एवढं?’ महापालिकेला आता सून उभी आहे. मी म्हटलं, ‘मामी, ही माणसं तुला घराबाहेर काढतील गं. त्यांना मत देऊ नको.’ तिने खिळ्यावरचं पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. ‘आधी हे वाच. ह्यांना विचारलं की म्हणायचे, सुजीला वाचता येतं, तिला विचार.’

मी पत्र धरून उभी राहिले. लॅमिनेशनवर मामाच्या अंगठ्याचे ठसे होते.

‘ही मुलगी हुशार आहे,’ मी वाचलं. ‘हिच्या मामाला मी चांगला ओळखतो. माणूस सज्जन आहे. हिला अवश्य प्रवेश द्यावा.’

मामीने डोळे पुसले. ‘बघ. आणि तू म्हणतेस मत देऊ नको.’ मग हळदीने पिवळी झालेली बोटं तिने उजेडात धरून पाहिली. ‘ती थिनरची बाटली तेवढी वरून काढून दे.’

मी काढून दिली.