हिऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत

विरारमध्ये नव्यानं उघडलेल्या एका दागिन्यांच्या दुकानासाठी मी जाहिराती लिहीत होते. मालकांचं मागणं एकच: "परंपरा दिसली पाहिजे." दुकानाच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी लिहून दिलं, "पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, हिऱ्यात जडली प्रीत." मालक खूश. बोळिंजच्या रस्त्यावर भलंमोठं होर्डिंग लागलं.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. आम्ही जवळच्या नंदाखाल गावचे, केळी-नारळाच्या वाडीतले. मुलाचं घर बोळिंजला. साखरपुड्याचं बोलायला तो आणि त्याच्या आई आमच्याकडे आले. चहा घेता घेता काकू म्हणाल्या, "अंगठी मात्र हिऱ्याचीच हं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे."

मी होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. ती ओळ कुणाची, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं कपात तोंड खुपसलं.

बाबा गोंधळले. "आमच्यात साखरेचा पुडा, नारळ नि साडी. हिरा काय आम्ही पाहिला नाय. तुमच्यात कोणाला घातला होता?"

काकू विचारात पडल्या. "मला तर नाही. सासूबाईंना अंगठीच नव्हती. पण रीत आहे ना! रस्त्यावर एवढं मोठं लिहिलंय."

"काकू, ते मी लिहिलंय," माझ्या तोंडून निघून गेलं.

मला वाटलं, मोडलं लग्न. काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, रोज भाजीला जाताना वाचते. मला खरंच वाटायला लागलं, आपल्यात पहिल्यापासून हे असणार. मग मलाच कसा कुणी दिला नाही?"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज जरा उतरला. त्यांच्या मुलानं कप खाली ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. विक्रेत्यानं माझीच ओळ मला चालीवर म्हणून दाखवली. मी खड्याशिवायची, साधी सोन्याची अंगठी घेतली. मला तीच आवडली. हिरा, अगदी बारीकसा, मुलानं आईच्या बोटात घातला.

"या वयात लोक काय म्हणतील रे?" असं म्हणत काकूंनी हात दिव्याखाली धरला, फिरवला, परत फिरवला.

साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत माझ्यापेक्षा सासूबाईंचाच हात पुढे आहे.