ओट्यावरची खोटी पेटी

सिरियलवाल्यांना गोवा हवा होता आणि गोव्याला जायचा कंटाळा होता, म्हणून अठ्ठ्याण्णव साली ते आमच्या पापडी गावात आले. आमचा ओटा, लाकडी खांब, मागची केळीची वाडी, सगळं त्यांना गोवाच वाटलं. माझा नवरा थॉमस तर हुरळूनच गेला. मी म्हटलं, अरे, आत तुझे वडील अंथरुणाला खिळलेत आणि तुला शूटिंग सुचतंय? ऐकेल तर शपथ!

माझ्या जिवाला घोर वेगळाच होता. सासऱ्यांचा, आलोशियसबाबांचा, धाकटा भाऊ हिलरीकाका वाडीच्या पलीकडे राहायचा. सामाईक विहिरीवरून बिनसलं तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. चर्चमध्येसुद्धा एक या टोकाला, एक त्या. आता बाबा सारखे विचारायचे, "हिलरी आला का गं?" मी काकांकडे गेले, तर म्हणतात, "त्याने बोलवू दे." बाबा म्हणतात, "धाकट्याने यायचं असतं." जळो मेला तो ताठा! माणूस चाललाय आणि यांचे मानपान संपेनात. मला रात्रंदिवस चैन नव्हतं.

त्यात शूटिंगमध्ये मयताचा सीन निघाला. ओट्यावर शवपेटी, मेणबत्त्या, काळ्या कपड्यांतल्या रडणाऱ्या बायका. घरात आजारी माणूस आणि दारात पेटी! मी थॉमसवर उखडलेच, पण तोवर कॅमेरा सुरू झाला होता.

तेवढ्यात वाडीतून हिलरीकाका अनवाणी धावत आले. रडणं ऐकूनच निघाले असणार. मागच्या बाजूने आल्यामुळे कॅमेरा त्यांना दिसलाच नाही, पेटी तेवढी दिसली. आमच्यात पेटीचं झाकण लागायच्या आत अबोला सोडतात. आणि झाकण तर लागलेलं! काकांनी हंबरडाच फोडला, बायकांना सारून पेटीवर पडले.

"दादा, उशीर केला रे मी! एकदा बोल माझ्याशी!"

"क्या बात है! वन मोर!" डायरेक्टर ओरडला.

काकांनी वर बघितलं. दिवे, कॅमेरा, माणसं. मी धावले, "काका, बाबा आहेत हो! आत आहेत!"

"खोट्या मढ्यावर रडवलंत मला!" लालबुंद होऊन ते आले तसे निघून गेले. मी कपाळ बडवून घेतलं. होती नव्हती ती आशाही गेली.

आतून हाक आली. बाबांनी सगळं ऐकलं होतं. "मार्गारेट, मला खुर्चीत बसव. त्याच्याकडे ने."

थॉमसने आणि लाईटवाल्या दोघांनी खुर्ची उचलली. बाबांना धाप लागत होती. वाटेतच काही झालं तर, या धास्तीने मी त्यांचा हात धरूनच चालत होते. काकांचं दार बंद.

"हिलरी," बाबांनी हाक मारली.

दार उघडलं. काका बाबांच्या गालाला, कपाळाला, हाताला हात लावून बघत राहिले. मग थॉमसवर खेकसले, "उन्हात काय ठेवलंयस माझ्या भावाला? आत आण!"

बाबा पुन्हा आमच्या घरी राहायला आले नाहीत. शेवटपर्यंत धाकट्याच्याच खाटेवर होते.