पुढच्या सीटवरचा साक्षीदार

"भंगार कुणाला म्हणतोस रे?"

"मॅडम, मी भंगार म्हणालो नाही. मी म्हणालो, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतोय."

"म्हणजे भंगारच ना! कोट घालून म्हटलंस एवढंच. माझी गाडी बघितलीस तरी का?"

"फोटो बघितलेत."

"फोटो! तुझं लग्न असंच फोटो बघून झालं वाटतं?"

रांगेतली दोन-तीन माणसं हसली. विमा कंपनीचा मिस्टर सीनाथ हसला नाही. चष्मा काढून त्यानं टायच्या टोकानं पुसला, परत लावला. तिशीतला पोरगा, केस चापूनचोपून बसवलेले. "मॅडम, गाडी पंचवीस वर्षांची आहे. बाजारात तिला जी किंमत येईल ती कंपनी देईल. गाडी आमच्या आवारात जमा करा आणि चेक घेऊन जा. विषय संपला."

"आणि घरी कशी जाऊ? चेकवर बसून?"

मिस युडीन फ्रेडरिक मॅटलॉहून आली होती. आमचं मॅटलॉ म्हणजे त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्याचा रस्ता जिथं संपतो ते गाव. पुढं डोंगर आणि समुद्र. दवाखाना, बँक, मोठा बाजार सगळं ग्रँडीला, आणि ग्रँडी म्हणजे जाऊन-येऊन सबंध दिवस. सरकारी बस मनात आलं तर येते. त्या दिवशी युडीन मासळीच्या व्हॅनमध्ये सुरमईच्या खोक्यावर बसून आली होती आणि स्कर्टला तो वास होता. सीनाथ बोलताना मान थोडी मागं घेत होता. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"वास येतोय? येऊ दे. तुमच्या त्या ठेकेदारानं माझी गाडी फोडली नसती, तर मी पावडर लावून आले असते."

ती भांडण्यासाठीच जन्माला आली होती, असं तिची आईच म्हणायची. शेजारच्या टोको गावच्या शाळेत तिनं आयुष्यभर पोरांसाठी स्वयंपाक केला. पोराच्या ताटात कमी पडलं की ती मुख्याध्यापकाच्या अंगावर जायची, आणि ताटात उरलं की त्याच पोराच्या. लग्न केलं नाही. "एकाच माणसाशी रोज भांडून काय मजा," म्हणायची. नोकरी सुटल्यावर हातात आलेल्या पैशातून तिनं एका मास्तरांची जुनी निळी निसान विकत घेतली, आणि ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात गाडी शिकली. शिकवणारा दोनदा गाडीतून उतरून पायी घरी गेला.

पण शिकली. मग आमच्या टोकाला गाडी चालवणारी बाई एकच, आणि दारात उभी राहणारी भरवशाची गाडीही एकच. सकाळी टेकडीवरून उतरताना ती लांबलचक हॉर्न द्यायची. ज्याला ग्रँडीला जायचं तो रस्त्यावर येऊन उभा राही. ती टॅक्सी नव्हती. टॅक्सीच्या नंबरपाटीवर एच असतो, घरच्या गाडीच्या पाटीवर पी. युडीनच्या पाटीवर ठसठशीत पी होता. पीच्या गाडीत भाडं घेणं कायद्यानं गुन्हा, आणि तसं भाडं घेतलं तर विम्याचाही नुसता कागद उरतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हणून आमच्याकडे कुणी भाडं देत नाही. उतरताना हात पुढं करायचा आणि जे काही आहे ते ॲशट्रेमध्ये टाकायचं. पेट्रोलला हातभार. कुणी नोट टाकतं, कुणी चिल्लर, कुणी मागच्या डिकीत नीरफणस नाहीतर अळूकंद ठेवून जातं. चालवणाऱ्यानं तिकडं बघायचं नाही. बघितलं तर ती टॅक्सी झाली.

पुढची सीट मात्र ठरलेली. तिथं मिस्टर हॉलिस बसायचे. हॉलिस बाप्टिस्ट, सरकारी रस्तेखात्याचे जुने फोरमन. आमचा सगळा रस्ता त्यांच्या देखरेखीखाली झाला. तरुणपणी त्यांच्या आवाजाला शंभर फावडी एकदम थांबायची. आता डोळ्यांत पडदा आला होता, बायको गेली होती, पेन्शन मुलीच्या कर्जात वळती होत होती. दर महिन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं असायचं. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर फेल्ट हॅट. उतरताना तेही रुबाबात ॲशट्रेकडं हात न्यायचे, मूठ उघडायचे, झाकण खटकन लावायचे.

मूठ रिकामी असायची. गेली सहा वर्षं. युडीनला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नोट पडली तरी बारीकसा आवाज होतोच की. पण तिनं कधी मान वळवली नाही. जगाशी भांडणारी ही बाई त्या एका झाकणाच्या आवाजावर गप्प बसायची.

अपघात झाला त्या दिवशी ती गाडीत एकटीच होती. वळणावर तिनं हॉर्न दिला, सगळे देतात तसा. समोरून ठेकेदाराचा पिकअप गाणी ठणठणा लावून, चुकीच्या बाजूनं आला. निळ्या गाडीचा उजवा दरवाजा, बॉनेट, रेडिएटर सगळं आत गेलं. युडीनच्या कपाळाला टाके पडले. ठेकेदारानं पोलिसांसमोर चूक कबूल केली. आता पिकअपचा विमा आणि युडीनचा विमा एकाच कंपनीत निघाला, हे तिचं नशीब म्हणा नाहीतर भोग.

टोकोचा मेकॅनिक बुद्राम म्हणाला होता, "मावशी, सहा हजार आण. यार्डातून जुना दरवाजा, जुना रेडिएटर टाकतो. रूपाकडं बघू नकोस, पळेल."

म्हणून युडीन त्या काउंटरसमोर ठाण मांडून बसली. गाडी देणार नाही, पैसे घेणार. ती जेवणाचा डबा घेऊन यायची आणि सीनाथसमोरच उघडायची. पुढच्या आठवड्यात परत. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. शेवटी सीनाथनं हात टेकले. "ठीक आहे. गाडी तुम्ही ठेवा. मोडीची किंमत कापून सहा हजार मिळतील. फक्त एक छोटी चौकशी बाकी आहे. मी गावात येऊन जातो."

"ये की. मासे खाऊन जा."

तो आला. आला तो थेट दुकानासमोरच्या बाकावर बसला आणि गोड गोड विचारायला लागला. मिस युडीनच्या गाडीनं कोण कोण जातं? गाव अडाणी नाही. दुकानदारीण म्हणाली, "मी? मी कुठं जातेय बाबा, मला गाडी लागते." ऐंशी वर्षांची मा टिटीन म्हणाली, "मी ग्रँडीला चालत जाते."

"चालत? इतक्या लांब?"

"सवय आहे मला. मध्ये बसते थोडी."

सगळं ठीक चाललं होतं. मग मिस्टर हॉलिस हॅट घालून आले, कारण त्यांना बोलावलं नव्हतं.

"साहेब, अपघाताबद्दल मला विचारा. तो रस्ता मी बांधलाय. त्या वळणाला चूक पिकअपचीच."

"छान. तुम्ही या बाईंच्या गाडीत बसता?"

"सहा वर्षं, दर महिन्याला. पुढच्या सीटवर."

"अच्छा." सीनाथनं पेन झाकलं, आवाज मऊ केला. "म्हणजे तुमचं वय झालंय म्हणून दया करून नेतात तुम्हाला. फुकट."

दुकानदारीण मागून हातवारे करत होती. पण हॉलिसना लांबचं दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्यांनी बघितलं नसतं. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"दया? हॉलिस बाप्टिस्टवर? मी आजवर कुणाचं फुकट खाल्लेलं नाही, पोरा. वीस डॉलर. प्रत्येक खेपेला, न चुकता!"

सीनाथनं पेनाचं झाकण परत काढलं.

दोन दिवसांनी युडीनला फोन आला. खाजगी गाडी भाड्यानं चालवल्यामुळं विमा रद्द. कंपनी एक पैसा देणार नाही, आणि ती मुकाट्यानं घरी बसली तर कंपनीही पोलिसांत जाणार नाही. वकील करून लढता आलं असतं, पण वकिलाची फी दिली असती तर नवीनच गाडी आली असती.

ती हॉलिसच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली, आणि अर्ध्या गावानं आपापली कामं सोडली.

"वीस डॉलर! तोंड वर करून सांगितलंत! कुठं आहेत ते वीस डॉलर? दाखवा मला, फ्रेम करून लावते!"

"आवाज खाली कर, युडीन."

"का? तुम्ही तर भर दुकानात बोललात!"

"मग काय सांगायचं होतं मी? त्या कालच्या पोराला? की मी भीक मागून बसतो?"

"मी कधी भीक म्हटलं?"

"नाही म्हटलंस." हॉलिस खांबाला धरून उभे होते. "म्हणून तर बसायचो."

युडीननं पायरीवरची त्यांची कोंबडी हाकलली.

"उद्या ग्रँडीला चला माझ्याबरोबर. एवढंच म्हणा, मी चुकून बोललो, मी पैसे देत नाही. त्याला लिहून घेऊ दे. बाकी मी एक अक्षर बोलणार नाही. देवाशपथ."

"सगळ्यांसमोर?"

"त्याच्या टेबलासमोर. सकाळी कुणी नसतं तिथं."

हॉलिस हो म्हणाले.

मासळीच्या व्हॅनमध्ये त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवून युडीन मागं खोक्यावर बसली.

कार्यालयात नेमकी गर्दी होती. टोकोचे दोन जण रांगेत होते, दोघंही एकेकाळी हॉलिसच्या हाताखाली खडी टाकणारे. बघताच उठून उभे राहिले. "बॉस! काय योग आहे! बसा, बसा इथं." हॉलिसनी हॅट काढून छातीशी धरली आणि एकदम पाठ ताठ झाली. युडीननं ती पाठ बघितली.

सीनाथ म्हणाला, "हं, मिस्टर बाप्टिस्ट. तुमचं काही चुकलं म्हणे."

"वय झालंय. चुकतं कधी."

"काय चुकलं? वीस नव्हते, दहा होते?"

"तसं नाही."

"मग? पाच?" तो मुद्दाम मोठ्यानं बोलत होता. "का काहीच नाही? सहा वर्षं या बाईंच्या गाडीत बसलात आणि काहीच दिलं नाहीत? तसं असेल तर तसं सांगा. मी लिहितो. एवढ्या एका वाक्यावर बाईंचा चेक आहे."

टोकोच्या दोघांनी बोलणं थांबवलं होतं. एक जण खाली फरशीकडं बघत होता. ते फार वाईट.

हॉलिसनी घसा खाकरला. युडीन दाताखाली ओठ धरून बसली होती.

"द्यायचो," हॉलिस म्हणाले. "जमेल तसं द्यायचो."

"काय?" युडीन उठली. "काय म्हणालात?"

"युडीन, बस खाली."

"नाही बसत! काय द्यायचास तू? बोल ना!" तो 'तू' आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर त्यांना कुणी म्हटला नव्हता. "रिकामी मूठ उघडायचास आणि झाकण आपटायचास! मला ऐकू येत नाही असं वाटलं तुला? सहा वर्षं! एक दमडी टाकली नाहीस! मी तुला नेलं, आणलं, दवाखान्यात तुझ्यासाठी रांगेत उभी राहिले, कुणाला कळू दिलं नाही. आणि आज माझी गाडी बुडतेय तर तुझ्यानं एक खरं बोलवत नाही? तुझी हॅट मोठी माझ्या गाडीपेक्षा?"

आतल्या खोलीतला टाईप करण्याचा आवाज थांबला. सीनाथचा चेहरा मात्र उजळला होता. कंपनीचे पैसे जाणार होते तरी त्याला हे बघायला मिळत होतं.

"मिस्टर बाप्टिस्ट," तो अगदी अदबीनं म्हणाला, "बाई म्हणतात ते खरं का? त्यांचा शब्द मला चालत नाही, पैसे त्यांनाच मिळायचेत. तुम्ही हो म्हणा फक्त. आज, आत्ता सही करतो."

"म्हण," युडीन म्हणाली. "हॉलिस, म्हण हो."

हॉलिस उठले. खुर्ची पुढं सरकवून टेबलाला नीट लावली. हॅट डोक्यावर ठेवली, कड बोटांनी सारखी केली. टोकोच्या दोघांनी वाट करून दिली. त्यांच्याकडं त्यांनी बघितलं नाही, आणि युडीनकडंही नाही.

"मिस्टर बाप्टिस्ट? हो की नाही?"

काचेचं दार बाहेर ढकलायचं होतं. डोळ्यांमुळं ते त्यांना समजलं नाही. त्यांनी ते आधी दोनदा ओढलं, मग ढकललं, आणि गेले.