धावपट्टीवरचं खळं

लढाईच्या काळात गोऱ्या फौजेने कल्याणजवळची शेतं सपाट करून विमानांसाठी एक धावपट्टी बांधली होती. लढाई संपली, गोरे गेले, पट्टी तशीच पडून राहिली. ती मोकळी कशी राहील? जमिनी गेल्या होत्या त्या आसपासच्या गावांच्याच. दिवाळी झाली की लोक भाताचे भारे तिथे आणून झोडायचे. खळं सारवायला नको, दाण्यात माती नको. भांडणं होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराने आपल्या वाट्याची हद्द दगडांच्या ओळीने आखली होती आणि दगड उठून दिसावेत म्हणून त्यांना चुना फासला होता.

मी मूळचा ठाण्यातल्या खोपटचा. पट्टीजवळच्या एका गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि एका विधवा शेतकरीण बाईंच्या घरी राहिलो. त्यांना मी मावशी म्हणत असे. भाकरी उत्तम आणि जीभ तिखट. मी सकाळी वाचत बसलो की विचारायच्या, “आज पुस्तकातच आंघोळ उरकली काय, मास्तर?”

मार्गशीर्षातली सकाळ होती. मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होतो आणि पट्टीकडून मोठा आवाज झाला. शाळा सोडून मी धावलो. पट्टीच्या टोकापलीकडे, ओहोळात, एक लढाऊ जेट विमान नाक चेपून पडलं होतं. एक चाक मागेच तुटून राहिलं होतं. झोडणी करणाऱ्या बायाबापड्यांनी वैमानिकाला बाहेर ओढून काढलं होतं. त्याचा पाय मोडला होता. तो इंग्रजीत एकसारखं काहीतरी विचारत होता म्हणे, पण मी पोचेपर्यंत फौजेची मोटार ओहोळापलीकडच्या रस्त्यानेच येऊन त्याला घेऊन गेली होती.

मग गाव घाबरलं. सरकारी जागेत खळं घातलेलं आणि त्यातच सरकारी विमान मोडलेलं. दिवस मावळायच्या आत दगड विहिरीत गेले, पेंढा गाड्यांतून घरी गेला, पट्टी झाडून लख्ख झाली. पंचांनी माझ्याकडून एक जबाब लिहून घेतला: पट्टीवर माणूस नव्हतं, दगड नव्हते, आम्हांस काही ठाऊक नाही. माझं अक्षर वळणदार. त्या वळणदार अक्षराखाली सगळ्यांनी अंगठे उठवले आणि मला कोणीतरी वर चहा पाजला.

तीन आठवड्यांनी चौकशीचे एक अधिकारी शाळेत आले. मोकळे गृहस्थ होते, सगळं सांगितलं. इंधनाचा काटा अडकला होता. टाकी भरलेली दिसत असताना इंजिन बंद पडलं, त्यात वैमानिकाचा दोष नव्हता. वरून त्याला पट्टीवर पांढऱ्या रेघा दिसल्या, म्हणून पट्टी वापरात असावी असं समजून तो उतरायला लागला. अगदी खाली आल्यावर समोर बायका दिसल्या. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे त्यांनी वर पाहिलंही नाही. होता नव्हता तो वेग त्याने त्यांच्या डोक्यावरून जाण्यात घालवला. चाकं फार पुढे टेकली आणि एका दगडाला अडकली. “असं तो म्हणतो,” अधिकारी म्हणाले. “पण तिथे ना दगड सापडले ना बायका. घाबरून पोराने गोष्ट रचली, असंच ठरेल. मग त्याला पुन्हा विमान मिळायचं नाही. तुमचा जबाब खरा आहे, एवढं कल्याणला येऊन सांगा.”

संध्याकाळी जेवताना हे मी मावशींना सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला.

“आमी व्हतो तिथं,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोक्यावरून गेलं ते.”

मी शिकलेला माणूस, म्हणून शहाणपण शिकवलं. खळं जाईल, गाव तुम्हाला वाळीत टाकेल, माझी नोकरीही जाईल.

“जाईल तर जाईल. ज्यानं आमाला वाचवलं तो खोटा, न् आमी खऱ्या? असं कसं, मास्तर?”

चौकशीच्या दिवशी त्या टांग्यात माझ्या शेजारी येऊन बसल्या. मांडीवर टोपली, टोपलीत चुना फासलेला एक दगड. तो त्यांनी विहिरीत न टाकता न्हाणीत लावून ठेवला होता. पुढे पट्टीला कुंपण पडलं, मला लेखी समज मिळाली, आणि गाव वर्षभर मावशींशी बोललं नाही. यातलं काहीही त्यांना अनपेक्षित नव्हतं. सगळं जाणून त्या टांग्यात चढल्या होत्या. त्यांच्याइतकी धीट व्यक्ती मी नंतर पाहिलेली नाही.

कल्याणच्या त्या खोलीत त्यांनी दगड टेबलावर ठेवला. मला दुभाष्याचं काम करायचं होतं, पण आधी सांगावं लागलं की खोटा जबाब माझ्याच हातचा आहे. ते कसंबसं सांगितलं.

वैमानिक कोपऱ्यात खुर्चीवर होता, पायाला प्लास्टर. फार तर तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याने दगडाकडे पाहिलं नाही. मला इंग्रजीत विचारलं, “बायका किती होत्या?”

मी मावशींना विचारलं.

“आठ.”

“आणि आता?”

त्यांना प्रश्न क्षणभर कळला नाही. मग कळला.

“आठच हाव की, बाबा,” त्या म्हणाल्या. “समद्या हाव.”

मी भाषांतर केलं आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. विमान पडल्या दिवसापासून तो भेटेल त्याला हेच विचारत होता. आणि पट्टीवर कोणी नव्हतंच असा माझा कागद असल्यामुळे, त्याला उत्तर द्यायला कोणी नव्हतं.