हवेत लटकलेला माणूस

घाटकोपरचा नितेश राऊळ तीस वर्षं व्हिडिओ गेम खेळतोय, आणि आजकालच्या गेमचं नाव काढलं की भडकतो. "पूर्ण पैसे घेऊन अर्धवट गेम देतात, मग उरलेला वेगळा विकतात. लुटतात रे!"

लहानपणीच्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह व्हायचा नाही. सकाळी आठव्या लेव्हलला पोचलेला नितेश गेममधला माणूस उडीत असतानाच गेम पॉज करून शाळेत जायचा आणि आईला बजावायचा, "फ्यूज उडवू नको हां." त्यांच्या चाळीतल्या खोलीत टीव्ही चालू असताना मिक्सर लावला की फ्यूज उडायचाच. म्हणून त्या दिवशी आई बांगड्याच्या कालवणाचं वाटप पाट्यावर वाटायची. दुपारी तो दारात दिसला की म्हणायची, "तुझो तो माणूस सकाळपासून हवेत लटकलेलो आसा. आधी तेका उतरव, मगे जेव."

आई जाऊन चार वर्षं झाली. "आता गेम आपोआप सेव्ह होतो," नितेश म्हणतो, "कुणाला काही सांगून जायला नको."

तरी ऑफिसला निघताना तो गेम पॉजवरच ठेवतो. संध्याकाळी येतो तेव्हा माणूस हवेतच असतो. त्याला उतरव म्हणणारं घरात कुणी नसतं.